मॉरिशसला गेलेला पूर्वज शोधताना: आडनावाच्या नाही, नंबराच्या मागे जा

"आमचे खापरपणजोबा मुंबईहून जहाजाने आले, आडनाव अमुक, गाव रत्नागिरीकडचं. चौकशी कुठे करू?" मॉरिशसच्या मराठी घरांतून येणारा प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो. कोकणातून येणारा प्रश्न उलट्या टोकाचा: "आमच्या घराण्यातला एक धाकटा भाऊ मोरसला गेला, परत आलाच नाही. त्याची माणसं सापडतील का?" मोरस म्हणजे मॉरिशस. मोरस साखर हा आपल्या आज्यांच्या तोंडचा शब्द तिथूनच आला.

दोघांचीही गाडी एकाच जागी रुतते. दोघंही आडनाव घेऊन निघतात, आणि ज्या कागदात पूर्वज आहे त्यात ते आडनाव नसतंच. वसाहतीच्या कारभाराने माणसाला आडनावाने ओळखलं नाही. त्याला एक नंबर दिला आणि पुढची सगळी वर्षं त्या नंबरानेच हाक मारली. हे वाचताना पोटात कालवतं, पण वंशजांच्या हाताशी आज सर्वांत भरवशाचा दुवा तोच नंबर आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळला की चुकीचा माणूस पूर्वज म्हणून घरात येतो, आणि एकदा वंशावळीत बसला की त्याला काढणं अवघड होतं.

## टप्पा १: तो गिरमिटिया होता की कैदी, हे आधी ठरवा

गिरमिटिया म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर (गिरमिटावर) नेलेला मजूर. कैदी आणि तो, दोघांचे कागद वेगळ्या खात्यांचे आहेत, वेगळ्या इमारतींत आहेत. म्हणून हा निर्णय पहिला.

कैदी आधी गेले. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला पाठवले गेले. जवळजवळ सगळे पुरुष, बायका अगदी मोजक्या. त्यांच्याकडून रस्ते आणि इतर सरकारी बांधकामं करून घेतली. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला, तेव्हा असे सुमारे ८०० हिंदी कैदी कामावर असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे.

गिरमिटियांची सुरुवात २ नोव्हेंबर १८३४ ची धरतात. त्या दिवशी अ‍ॅटलस जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले. मजुरांचे हाल बाहेर आले तसं सरकारने १८३८-३९ मध्ये पाठवणी थांबवली आणि १८४२ मध्ये नव्या कायद्याने पुन्हा सुरू केली. त्यानंतरच्या नोंदी बऱ्याच शिस्तशीर आहेत. आधीच्या खासगी भरतीच्या काळातल्या तुटक. पुढे १९२० पर्यंत भारतातून जवळपास पाच लाख माणसं तिथे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कलकत्ता आणि मद्रासपेक्षा बराच लहान.

तपासा: घरात "काळ्या पाण्यावर गेला" एवढंच सांगत असतील, तर साल काढल्याशिवाय मॉरिशस गृहीत धरू नका. मुंबई इलाख्यातले कैदी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरलाही गेले. अंदमानची कैद्यांची वसाहत १० मार्च १८५८ ला सुरू झाली. म्हणजे १८६० च्या सुमाराला शिक्षा झालेला माणूस मॉरिशसच्या कागदात शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे.

दुसरी चूक याच्या उलट. बरीच घरं कैदी शब्दाला बिचकतात आणि "आमचा गिरमिटियाच असणार" असं धरून चालतात. काही घरांत उलटा उत्साह: शिक्षा झालेला म्हणजे बंडातलाच असणार. दोन्ही बाजूला ठेवा. तारीख काय म्हणते ते पाहा.

## टप्पा २: घरातले कागद आणि एक साधा तक्ता

अभिलेखागाराचं दार ठोठावण्याआधी घरच्या पेट्या उघडा. जुने जन्मदाखले, लग्नाचे दाखले, जमिनीच्या खरेदीचे कागद, जपून ठेवलेला एखादा पास, देवघरात मागे सरकवलेला फोटो. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू टिपून घ्या.

मग सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे बसा. "आपण कुठले?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "मुंबईचे" असंच येतं, कारण जहाज मुंबईहून सुटलं होतं. त्याऐवजी असं विचारा: आजोबा कोणत्या इस्टेटीवर (उसाच्या मळ्यावर) होते? कोणाच्या लग्नाला कुठे जायचात? नवस कोणत्या देवाला बोलायचे? गणपतीत झाकरी कोण म्हणायचं, त्यात कोणत्या गावाचं नाव यायचं? आपल्या कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून आजही नाचतात, आणि गाण्यात अडकलेलं गावाचं नाव कधीकधी कागदापेक्षा जास्त टिकतं.

तक्त्यात प्रत्येक पिढीला एक ओळ. रकाने: नाव जसं लिहिलंय तसं, बापाचं नाव, आईचं नाव, जन्म, लग्न, मृत्यू, ठिकाण आणि शेवटी "हे कशावरून?" हा शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ म्हणजे ऐकीव गोष्ट. तिला पेन्सिलीतच ठेवा.

## टप्पा ३: आजपासून मागे या, एकही पिढी न गाळता

इथे सगळ्यांची घाई होते. खापरपणजोबांचं नाव ठाऊक आहे म्हणून थेट तिकडे उडी मारतात. तसं करू नका. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून सुरू करा. त्यातून आईबापाचं लग्न, लग्नाच्या नोंदीतून त्यांचे आईबाप, मग त्यांचे जन्म. पायरी पायरीने.

मॉरिशसमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी सिव्हिल स्टेटस कार्यालयात आहेत, जिल्ह्यांप्रमाणे. पूर्वज कोणत्या जिल्ह्यात राहिला हे इस्टेटीच्या नावावरून कळतं, म्हणून टप्पा २ मधला तो प्रश्न महत्त्वाचा होता. दाखला मागताना आटोपशीर उतारा नको, मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागा. आपल्याला हवं ते बहुतेकदा पूर्ण मजकुरातच असतं: साक्षीदार कोण, पत्ता काय, आणि मुख्य म्हणजे नंबर.

इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतलं तरी फ्रेंच भाषा आणि फ्रेंच धर्तीचा दिवाणी कायदा तिथे राहिला. त्यामुळे जुन्या नोंदी बऱ्याच फ्रेंचमध्ये आहेत. घाबरण्यासारखं काही नाही, ठराविक साचा आहे. जन्माला नेसाँस, लग्नाला मारियाज, मृत्यूला देसे. फिस म्हणजे मुलगा, फी म्हणजे मुलगी, व्हव्ह म्हणजे विधवा. तारखा आकड्यांऐवजी बऱ्याचदा अक्षरी असतात, तेव्हा फ्रेंच अंक एका कागदावर लिहून समोर ठेवा.

इशारा: बापाचं नाव नसलेली नोंद पाहून हबकू नका. देवाब्राह्मणांसमोर झालेलं लग्न वसाहतीच्या कायद्याने लग्न धरलं जात नव्हतं. सरकारदरबारी नोंदलं तरच ते लग्न. त्यामुळे रीतसर संसार करणाऱ्या जोडप्यांची मुलंही नुसत्या आईच्या नावावर चढली. काही घरांत पुढच्या पिढीचं आडनावच आईच्या नावावरून झालं. पणजीच्या अब्रूवर हा डाग नाही. कायद्याने तिचं लग्न पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शोधाच्या दृष्टीने मात्र लक्षात ठेवा, की बापाचा धागा तुटला तर आईच्या नंबराने पुढे जाता येतं. बायकांना त्यांचा स्वतःचा नंबर होता.

## टप्पा ४: नंबर हाती येईपर्यंत पुढे जाऊ नका

भारतातून आलेल्या प्रत्येकाला, बाईला आणि लेकरालाही, उतरल्यावर एक आगमन क्रमांक मिळत असे. बेटावर जन्मलेल्यांना तो नसे. म्हणून मागे येता येता ज्या पिढीच्या नोंदीत नावापुढे नंबर दिसतो, तीच समुद्र ओलांडून आलेली पिढी.

तो कुठे सापडतो? सर्वांत आधी त्या माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत बघा. मग त्याच्या लग्नाच्या, मग मुलांच्या जन्माच्या. एका मुलाच्या नोंदीत नसेल तर भावंडांच्या काढा. चार भावंडांपैकी एकाच्याच नोंदीत कारकुनाने नंबर घातलेला असतो, आणि आपण नेमके उरलेले तीन दाखले घेऊन बसलेलो असतो.

तपासा: नंबर किमान दोन वेगळ्या नोंदींत सारखा आला पाहिजे. हाताने लिहिलेल्या आकड्यांत १ आणि ७, ३ आणि ८, ० आणि ६ यांची सरमिसळ होते. एकच नोंद मिळाली तर संशयित आकड्याचे सगळे पर्याय लिहून ठेवा आणि पुढच्या टप्प्यात प्रत्येक पडताळा.

## टप्पा ५: रजिस्टरची ओळ वाचणं

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हिंदी स्थलांतरितांची मूळ रजिस्टरं आहेत. तिथे जाताना तक्ता आणि सगळ्या दाखल्यांच्या प्रती क्रमाने लावून न्या. "मी या माणसाचा वंशज आहे" हे कागदांनी दाखवता आलं पाहिजे.

आता ओळ जवळून पाहू. समजा, ती अशी आहे: नाव राघू. बाप बाबाजी. पुरुष, वय २०. उंची ५ फूट ३ इंच. जात मराठा. खूण: डाव्या भुवईवर व्रण. झिल्हा रुटनाघेरी (म्हणजे जिल्हा रत्नागिरी), परगणा (जिल्ह्याचा पोटभाग) मालवण, पुढे गावाचं नाव. मग जहाज, आल्याची तारीख, आणि कोणत्या इस्टेटीला दिला ते. शेवटी शेऱ्याचा रकाना. वर्षाप्रमाणे रकाने थोडे बदलतात, पण गाभा हाच.

एकेक शब्द सावकाश घ्या.

राघू हे नाव आहे, आडनाव कुठेच नाही. बाबाजी हे त्याच्या बापाचं नाव, आणि मॉरिशसमध्ये पुढे हेच घराण्याचं आडनाव झालं असण्याची दाट शक्यता. आज तिथे कुणाचं आडनाव तुकाराम किंवा सखाराम दिसलं तर ते कोकणातलं आडनाव म्हणून शोधू नका. तो एका माणसाचा बाप आहे. कोकणातलं त्यांचं मूळ आडनाव या कागदातून कळणार नाही. ते टप्पा ८ मध्ये, कळलं तर कळेल.

वय अंदाजे असतं. २०, २५, ३० हे आकडे कारकुनाने नजरेने लावलेले. पाच वर्षं इकडे-तिकडे चालतील, पंधरा चालणार नाहीत.

"मराठा" या शब्दावर सर्वांत जास्त घरं फसतात. तो जातीचा उल्लेख असेलच असं नाही. मराठी बोलणारा मुलखातला माणूस एवढ्याच अर्थाने कारकुनाने लिहिलेला असू शकतो. कुणबी, महार, गवळी, भंडारी अशा नोंदी स्वतंत्र दिसल्या तर त्यांना जास्त वजन द्या. पण एका रकान्यावरून घराण्याची जात ठरवू नका, आणि नावडती नोंद निघाली म्हणून पानही उलटू नका.

व्रणाची खूण फालतू वाटते. तिला जपा. एकाच नावाच्या दोन माणसांत निवड करायची वेळ आली की ती उपयोगी पडते.

शेऱ्याचा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत. परत गेला, मेला, कोणत्या तारखेला, हे तिथे असू शकतं. रजिस्टर सांगतं राघू १८५४ मध्ये भारतात परतला, आणि तुमच्या तक्त्यात त्याचा मुलगा १८५९ चा. मग एकतर हा राघू तुमचा नव्हे, किंवा तो पुन्हा आला. परत आलेल्यांची संख्या कमी नव्हती. दुसऱ्या फेरीची नोंद वेगळी शोधा.

आणि एवढ्यावर पान मिटू नका. मागच्या-पुढच्या वीस-वीस ओळी उतरवून घ्या. माणसं एकटी क्वचित निघत. गावचा सरदार, म्हणजे बेटावरून परतलेला जुना मजूर, आपल्या पंचक्रोशीतली माणसं गोळा करून नेई. त्याच जहाजात त्याच परगण्यातली पाच नावं सापडली तर गाव ओळखताना त्यांचा फार आधार होतो. बायको, भाऊ, मेव्हणाही तिथेच शेजारी असू शकतो.

फोटोबद्दल: मुंबईहून गेलेले बहुतेक जण फोटोची पद्धत सुरू होण्याआधीच उतरले होते, म्हणून "आमचा जुना आहे, फोटो नसणारच" असं लोक धरून चालतात. पण १८६७ च्या कामगार कायद्याने गिरमिट संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास बाळगणं सक्तीचं केलं. तो कायदा छळाचाच होता. पास नसला की पोलीस उचलत. तरी त्याच्यामुळे काही चेहरे राहिले आहेत. पूर्वज १८६७ नंतर हयात असेल तर फोटो आवर्जून विचारा.

## टप्पा ६: नाव मोठ्याने वाचा

राघू बोलला मालवणीत. ऐकलं इंग्रज किंवा फ्रेंच कानाने. लिहिलं रोमन लिपीत. पुढच्या कारकुनाने ते वाचून पुन्हा लिहिलं. म्हणून स्पेलिंगला चिकटू नका, नाव मोठ्याने म्हणून बघा.

काही बदल वारंवार दिसतात. फ्रेंच उच्चारात ह गळतो: हरीचा आरी, हणमंताचा अनुमंत. ठ, थ, ध यांतला हकारही जातो. श आणि च एकमेकांच्या जागी येतात, कारण फ्रेंच लिहिणीत श साठी वापरतात ती अक्षरं इंग्रज च म्हणून वाचतो. ळ चा ल होतो, कधी र. आणि काही बदल आपल्याच बोलीचे: विठोबा कोकणात इठोबा असतो, विठूचा इटू. हे लिहिणाऱ्याचं चुकणं नव्हे, त्याने ऐकलं तसंच लिहिलं.

प्रत्येक नावाचे निदान सहा-सात संभाव्य उच्चार आधी कागदावर काढा आणि मगच यादीत शोधा. सूचीत "स" पाशी सखाराम मिळाला नाही म्हणून परतलेली माणसं मी पाहिली आहेत. तो दुसऱ्या अक्षराखाली होता.

## टप्पा ७: जिल्हा आजचा नाही, तेव्हाचा

रजिस्टरमधला झिल्हा आजच्या नकाशावर ठेवला की हमखास चूक होते.

रत्नागिरी म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. मालवण, देवगड, वेंगुर्लं ही सगळी तेव्हाच्या रत्नागिरीत. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, त्यामुळे ते नाव स्वतंत्र येईल. आणखी जुन्या, विशेषतः कैद्यांच्या कागदात दक्षिण कोकण आणि उत्तर कोकण अशी नावं दिसतील: दक्षिण म्हणजे रत्नागिरी, उत्तर म्हणजे ठाणे.

कुलाबा दिसलं की लोक मुंबईतलं कुलाबा समजतात. बहुतेकदा ते अलिबागकडचं, म्हणजे आजचा रायगड. १८६९ पूर्वीच्या कागदात नाशिक जिल्हा मिळणार नाही, तो भाग अहमदनगर किंवा खानदेशाखाली शोधा. खानदेश १९०६ पर्यंत अखंड होता. तालुक्यांचंही तेच: दापोलीचा भाग सुवर्णदुर्ग या नावाने येतो, गुहागरचा अंजनवेल म्हणून.

गावाच्या नावाला परगण्याची जोड असल्याशिवाय गाव ठरवू नका. शिरगाव देवगडात आहे, रत्नागिरीत आहे आणि चिपळुणातही आहे. पाली रत्नागिरीजवळ आहे आणि रायगडातही आहे. मी स्वतः एका घरासाठी दोन महिने चुकीच्या शिरगावात घालवले. परगण्याचं नाव अस्पष्ट होतं आणि मी ते सोयीचं वाचलं. त्या गावातल्या एका वृद्ध बाईंनी मला जेवायला वाढलं, हा माणूस आमचाच असं आनंदाने सांगितलं, आणि नंतर त्यांना खरं सांगायला परत जावं लागलं. तेव्हापासून परगणा दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही.

जुन्या नावांच्या पडताळणीला १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर उपयोगी आहे. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे त्या तालुक्यातला जुना तलाठी किंवा पोस्टमन. वाड्यांची नावं त्यांना तोंडपाठ असतात, आणि रजिस्टरमधलं "गाव" पुष्कळदा महसुली गाव नसून वाडी असते.

## टप्पा ८: गावात काय सापडेल, काय नाही

गेलेल्या माणसाचा जन्मदाखला सापडणार नाही. १८३० च्या सुमाराला कोकणातल्या खेड्यात जन्मनोंदच नव्हती. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कितीतरी नंतरच्या. तहसील कचेरीत त्यासाठी अर्ज करून, नकार घेऊन, शोध संपला म्हणून बसू नका.

शोधायचे ते भाऊबंद. राघू गेला, पण त्याचा भाऊ मागे राहिला. भावाची मुलं-नातवंडं नमुना १४ मध्ये आणि जमिनीच्या कागदांत आहेत. खोतीच्या गावांत बोटखतात, म्हणजे जमिनीच्या आणि कुळांच्या नोंदवहीत, कुळांची नावं मिळतात. १९५० च्या आधीचे गावकागद बरेचसे मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठा, कागद नंतर मागा.

विचारायचं ते असं: तुमच्या घराण्यात बाबाजी नाव पुन्हा पुन्हा आलंय का? नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत इथे मदतीला येते. मॉरिशसच्या बाजूला बाबाजी-राघू-बाबाजी अशी साखळी आणि गावातल्या एका घराण्यात त्याच काळात तीच नावं, तर तो चांगला संकेत आहे. संकेत, पुरावा नव्हे.

इशारा: गावात पाऊल ठेवताच "तुमची जमीन आहे का?" ही शंका येते. आल्या आल्या सांगा, की हिस्सा मागायला आलो नाही. आणि एका घराला आधीच सगळी नावं सांगून टाकू नका. सांगितलेलीच नावं मग आठवणी म्हणून परत येतात. आधी ऐका, मग कागद दाखवा.

## टप्पा ९: पूर्वज कैदी असेल तर

त्याला आगमन क्रमांक नाही, मोका इथल्या रजिस्टरांत तो नाही. त्याचा माग दोन्ही टोकांना आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे वर्षवार खंड बघायचे. कुठल्या कोर्टात खटला, कोणता गुन्हा, किती शिक्षा, कोणत्या जहाजातून पाठवला, हे त्या पत्रव्यवहारात असतं. दुसरं टोक म्हणजे मॉरिशसचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनजवळ क्यू इथलं ब्रिटनचं अभिलेखागार. तिथल्या वसाहत खात्याच्या सीओ १६७ या मालिकेत मॉरिशसचा पत्रव्यवहार आहे.

क्रम असा ठेवा: आधी साल, मग कोर्ट, मग जहाज, शेवटी नाव. नावावरून खंड चाळायला लागलात तर वर्षं जातील. शिक्षेचं साल ठाऊक नसेल तर दहा वर्षांची चौकट घ्या आणि पाठवणीच्या याद्या आधी बघा, खटले नंतर.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कैद्यापासून आजच्या घरापर्यंत अखंड साखळी क्वचितच जुळते. रीतसर लग्नाची नोंद नसे, मुलं आईच्या नावावर. यादीत "राघू" सापडला आणि आपल्या घरात "राघू" होता, एवढ्यावरून नातं जोडू नका. त्या माणसाचा गुन्हाही मग विनाकारण आपल्या घरी येतो.

## टप्पा १०: कोकणातून उलटा शोध

इथे नंबर नसतो, म्हणून हा रस्ता लांबचा. जवळ पाहिजे ते एवढं: गेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव आणि परगणा जुन्या नावांनी, आणि वीस वर्षांपेक्षा लहान कालखंड. काळ कसा काढायचा? तो कोणाचा भाऊ, त्या भावाचा नातू कधी जन्मला, तिथून मागे मोजा. मग मोका इथे एक नाव विचारू नका. त्या परगण्यातून त्या वर्षांत आलेले, त्या बापाचे असे सगळे उमेदवार विचारा, आणि एकेक वगळत या. वगळण्याचं कारण तक्त्यात लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा तपासाल.

## टप्पा ११: नातं लिहिण्याआधीची चाळणी

वंशावळीत पक्क्या शाईने लिहिण्याआधी हे बघा. नंबर दोन नोंदींत जुळतो का? बापाचं नाव रजिस्टरमध्ये आणि लग्नाच्या नोंदीत एकच आहे का? वयांचं गणित बसतं का, म्हणजे बारा वर्षांची आई किंवा सत्तरीचा नवरदेव निघत नाही ना? जहाजावरून उतरल्यापासून पहिल्या मुलापर्यंतच्या इस्टेटी एकाच भागातल्या आहेत का? शेऱ्यात परतीची नोंद नाही ना? यातलं एकही जुळलं नाही तर ओळ पेन्सिलीतच.

डीएनए चाचणीचा मोह होतो. गावच्या भाऊबंदांशी कागदाने नातं जवळपास जुळलं असेल आणि दोन्ही बाजूंचे पुरुष तयार असतील, तरच तिचा उपयोग. सुरुवातीला करून काही हाती लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी पात्र ठरवलं, तेव्हापासून अनेक घरं या कागदांच्या मागे लागली आहेत. अर्जासाठी साखळी अखंड लागते, म्हणून प्रत्येक दाखल्याच्या दोन प्रती आत्ताच घ्या. फाईलला नाव देताना नंबर पुढे, मग माणसाचं नाव, मग नोंदीचा प्रकार आणि साल. रजिस्टरच्या पानाचा फोटो मिळाला तर फक्त आपली ओळ कापून ठेवू नका, पूर्ण पान ठेवा. शेजारच्या ओळीतल्या माणसाचे वंशजही कदाचित कुणाला तरी विचारत असतील.